अंतर भागिले वेग केलं तरी उड्डाणाची वेळ का जुळत नाही?

शंकासुर
नमस्कार मंडळी,
लांबच्या दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाला लागणारा वेळ यांचं गणित जुळवायला बसलोय. उदाहरण म्हणून सगळ्यांत लांब विनाथांबा जोडीच घेतली: सिंगापूर चांगी ते न्यूयॉर्क जेएफके. अंतर सांगणाऱ्या साइटवर आकडा येतो १५,३४० ते १५,३५० किलोमीटर. जेट विमान ताशी ९०० च्या आसपास जातं म्हणतात. भागाकार केला की १७ तास. वेळापत्रकात मात्र दोन्ही दिशांना साडेअठरा ते एकोणीस. वरचा दीड-दोन तास जातो कुठे?

आणखी एक. फ्लाइट ट्रॅकिंगच्या साइटवर प्रत्यक्ष कापलेलं अंतर पाहिलं तर ते कधीकधी १६,००० च्या वर निघतं. सरळ जायचं सोडून हजारभर किलोमीटरचा वळसा कशाला?

आणि तिसरी शंका. लंडनहून न्यूयॉर्कला जायला वेळापत्रकात आठ तासांच्या आसपास, उलट यायला सात. तिथे जाता-येता एवढा फरक, मग सिंगापूर–न्यूयॉर्कला जवळजवळ सारखाच वेळ कसा?
जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रिकामटेकडा
सोप्पंय. विमान वर गेलं की खालून पृथ्वी सरकते. पश्चिमेला जाताना फायदा, पूर्वेला तोटा.
(पळतो आता, अक्षांश येईलच.)

अक्षांश
आलोच. विषुववृत्तावर जमीन ताशी १,६७० किमी वेगाने पूर्वेला जाते आहे. हवा तिच्यासोबत फिरत नसती तर जागच्या जागी तासभर तरंगलेलं हेलिकॉप्टर दुसऱ्या देशात उतरलं असतं. आणि रिकामटेकडा यांच्या हिशोबाने लंडनहून पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला हवं. पोचतं उलटं, उशिरा. तेव्हा हा मुद्दा इथेच बाद.

शंकासुर, तुमचा १५,३४० चा आकडा कुठून येतो ते आधी बघू. दोन ठिकाणांमधलं गोलावरचं सर्वांत कमी अंतर म्हणजे बृहद्वृत्ताचा कंस, ग्रेट सर्कल म्हणतात ते. त्याचं सूत्र त्रिकोणमितीचं आहे, पण तुमची जोडी अशी निघालीय की कॅल्क्युलेटरही लागत नाही. चांगी साधारण १०४ अंश पूर्व रेखांशावर, जेएफके ७३.८ अंश पश्चिम. बेरीज १७७.८, म्हणजे दोघं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना. अशा वेळी सर्वांत जवळचा रस्ता उत्तर ध्रुवावरूनच जाणार. चांगीचं अक्षांश १.३६ उत्तर, म्हणजे ध्रुवापर्यंत ८८.६४ अंश. जेएफके ४०.६४ उत्तर, म्हणजे ध्रुवापासून खाली ४९.३६ अंश. एकूण १३८ अंश. एक अंश म्हणजे १११.२ किमी. गुणाकार: १५,३४५.
सूत्राने नीट काढलं तर ही रेषा ध्रुवापासून २८० किमीच्या आसपास अंतरावरून जाते. चांगीहून निघताना तोंड जवळजवळ नाकासमोर उत्तरेला.

खिडकीजवळची
अक्षांश, हे भारी आहे! मी कायम सीटसमोरच्या नकाशावर ती वाकडी रेघ बघून विचार करायचे की विमान एवढं कमानीसारखं का चाललंय.

अक्षांश
नकाशा वाकडा आहे, रेघ सरळ आहे. मर्केटर नकाशात ध्रुवाकडचा प्रदेश ताणून रुंद केलेला असतो. ६० अंश अक्षांशावर रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावरच्या निम्म्याच लांबीचा असतो, पण नकाशात तो तेवढाच दाखवतात. गोल घेऊन दोन शहरांवर दोरा ताणून धरा, लगेच कळेल.

सान्तियागो (चिलीमधलं) आणि सिडनी ही जोडी करून बघा. दोन्ही शहरं साधारण ३३-३४ अंश दक्षिणेला. सपाट नकाशावर पट्टी ठेवून त्याच अक्षांशावरून आडवं गेलात तर १२,७०० किमीहून जास्त पडतं. दोऱ्याने मोजलं तर ११,३०० च्या घरात. चौदाशे किमीची बचत, फक्त अट एवढीच की मध्ये ६२ अंश दक्षिणेपर्यंत खाली उतरावं लागतं. तिथे खाली पाणी, बर्फ आणि अंटार्क्टिकाची चाहूल, बाकी काही नाही.

शेवटची रांग
वाचनखूण साठवली. पण साइटनिहाय आकड्यात पाच-दहा किलोमीटरचा फरक का येतो? चांगी तर जागचं हललेलं नाही.

अक्षांश
कारण पृथ्वी चेंडूसारखी गोल नाही, ध्रुवांशी चपटी आहे. केंद्रापासून विषुववृत्त ६,३७८ किमी, ध्रुव ६,३५७ किमी. बऱ्याच साइट ६,३७१ ही सरासरी त्रिज्या घेऊन हॅव्हरसाइन सूत्र लावतात. त्यात चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत जाऊ शकते. चपटेपणा धरून काढायचं असेल तर थॅडियस व्हिन्सेंटी यांची १९७५ ची पद्धत वापरतात, ती मिलिमीटरपर्यंत जाते. तुमच्या जोडीला त्याने १५,३४९ च्या आसपास येतात.

शिवाय विमानतळ म्हणजे टिंब नव्हे. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो, अंतर त्या दोन बिंदूंमधलं. तुमचं विमान कुठल्या धावपट्टीवरून कुठल्या दिशेला उडालं हे त्यात नसतंच. आणि मैल दिसले तर कुठले ते बघा: नॉटिकल मैल १.८५२ किमीचा, जमिनीवरचा १.६०९ चा. विमानवाले नॉटिकल वापरतात, तिकीट विकणारे बहुधा जमिनीवरचा. निम्मे वाद इथेच मिटतात.

धावपट्टी
उशिरा आलो, पण धागा माझ्याच विषयावर आहे. फ्लाइट डिस्पॅचमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणजे विमान निघायच्या आधी त्याचा मार्ग आणि इंधन ठरवणाऱ्या टेबलावर. जरा सविस्तर लिहितो.

अक्षांश यांनी सांगितलं ते जमिनीवरचं अंतर. ते बरोबर आहे, पण आमच्या टेबलावर त्याला फार भाव नाही. आम्ही बघतो हवेतलं अंतर. विमानाचा ९०० चा वेग असतो तो भोवतालच्या हवेच्या तुलनेत, आणि ती हवा स्वतःच चाललेली असते. वाहत्या नदीत नाव घालणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आकड्यांत बघा. मार्ग ९,००० किमीचा, वारा शून्य: १० तास. समोरून ताशी १०० चा वारा: जमिनीवरचा वेग ८००, लागले सव्वाअकरा तास. म्हणजे विमानाने हवेतून १०,१२५ किमी कापले, आणि इंधन त्या हिशोबाने जळलं. तोच वारा पाठीशी असेल तर ९ तास, हवेतलं अंतर फक्त ८,१००. दोन विमानतळ तेच, जमीन तीच, आणि अंतरात दोन हजारांचा फरक.

बऱ्याच जणांना वाटतं की जाताना गेलं ते येताना भरून निघतं. नाही निघत. वर बेरीज करा: वाऱ्याविना येऊन-जाऊन २० तास, वाऱ्यासह सव्वावीस. समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकता, पाठीमागच्या वाऱ्यात कमी वेळ राहता, म्हणून वारा एकूणात कायम तोट्याचाच. विमान कंपनीने दोन्ही वेळा त्याच रस्त्याने जायचा हट्ट धरला तर.

आता शंकासुर यांची तिसरी शंका, जी या धाग्यातली सगळ्यांत सुंदर गोष्ट आहे असं माझं मत. दोन्ही गोलार्धांच्या मधल्या अक्षांशांत ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो. ताशी दीडशे-दोनशे किमी ही त्याची रोजची चाल, हिवाळ्यात त्याहून बरीच जास्त. जपानच्या पूर्वेला पॅसिफिकवर तो फार तगडा असतो. लंडन–न्यूयॉर्कला पश्चिमेला जाण्यावाचून पर्याय नाही, त्यामुळे एका दिशेला मार खावाच लागतो. पण सिंगापूर आणि न्यूयॉर्क समोरासमोर आहेत! जायचे रस्ते अनेक, आणि थोड्याफार फरकाने सारख्याच लांबीचे. म्हणून सिंगापूरहून निघालेलं विमान पुष्कळदा जपानच्या बाजूने पॅसिफिक ओलांडून पूर्वेला जातं. आणि न्यूयॉर्कहून परतणारं विमान अटलांटिक, युरोप करत पुन्हा पूर्वेलाच जातं. दोन्ही वेळा वारा पाठीशी. प्रवासी येऊन-जाऊन अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा करतो आणि त्याला पत्ता नसतो.
हेच तुमच्या दुसऱ्या शंकेचंही उत्तर. जमिनीवर हजार किमी जास्त, हवेत कमी.

खिडकीजवळची
दंडवत! म्हणजे मी एकदा या मार्गाने जाऊन आले तेव्हा पृथ्वीला फेरी मारून आले होते तर. आणि मी दोन्ही वेळा झोपले.

रिकामटेकडा
पृथ्वीप्रदक्षिणा झोपेत. पुण्य अर्धं मिळेल.

शंकासुर
धावपट्टी, मनापासून आभार. पण पहिली शंका राहिली: १७ चे पावणेएकोणीस कसे होतात?

धावपट्टी
त्याला तीन-चार भागीदार आहेत.

सर्वांत मोठा म्हणजे तुम्ही भागाकारात हवेतला वेळ काढलात आणि वेळापत्रक देतं तो ब्लॉक टाइम. चाकांखालचे ठोकळे निघून विमान हलल्यापासून पलीकडे गेटवर ठोकळे लागेपर्यंत. यात मागे ढकलणं, इंजिनं चालू करणं, टॅक्सी (म्हणजे विमानाचं जमिनीवरून चालत जाणं), धावपट्टीच्या तोंडाशी रांग, सगळं आलं. अॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाची पोल्डरबान धावपट्टी टर्मिनलपासून इतकी दूर आहे की उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटं नुसतं जमिनीवरून चालायचं. जेएफकेला संध्याकाळच्या गर्दीत टॅक्सीलाच अर्धा तास गेला तरी कोणी भुवई उंचावत नाही.

दुसरं, ९०० हा वेग समतल उड्डाणातला. मॅक ०.८५ म्हणजे आवाजाच्या ८५ टक्के, आणि वर उणे ५६ अंशांत आवाजच ताशी १,०६० ने जातो, म्हणून ९०० येतात. चढायला वीस-पंचवीस मिनिटं, त्यात १०,००० फुटांखाली बहुतेक ठिकाणी २५० नॉटची मर्यादा, म्हणजे ताशी ४६३ किमी. उतरताना तेच, ३५,००० फुटांवरून खाली यायला दोनशे किमी आधीपासून सुरुवात.

तिसरं, कंपनीला नेहमी सर्वांत जास्त वेगाने जायचंच नसतं. विमानाच्या संगणकात कॉस्ट इंडेक्स नावाचा आकडा भरतात: वेळेचा खर्च विरुद्ध इंधनाचा खर्च. इंधन महाग तर आकडा लहान, विमान थोडं सावकाश.

आणि शेवटचं, वेळापत्रकात थोडी हवा भरलेली असते. कंपन्या मागच्या हंगामाचे प्रत्यक्ष वेळ बघतात आणि बहुसंख्य उड्डाणं त्यात बसतील असा आकडा छापतात. कॅप्टन 'आपण वीस मिनिटं आधी पोचतोय' असं अभिमानाने सांगतो तेव्हा बऱ्याचदा ती वीस मिनिटं कोणीतरी कागदावर आधीच ठेवून दिलेली असतात.

घरगुती हिशोबाला माझा ठोकताळा: बृहद्वृत्ताचं अंतर भागिले ८५०, वर ४० मिनिटं. तुमच्या जोडीला १८ तास ०३ मिनिटं अधिक ४०, म्हणजे १८:४३. मधल्या अक्षांशांत पश्चिमेला जात असाल तर अर्धा-पाऊण तास वाढवा, पूर्वेला असाल तर तेवढाच कमी करा. विषुववृत्ताच्या आसपास उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांनी वाऱ्याचं विसरून जायला हरकत नाही.

तिरकी रेघ
लंडन–न्यूयॉर्कवर ताडून पाहिलं. ५,५५० भागिले ८५० म्हणजे साडेसहा, वर ४० मिनिटं, ७:१०. पश्चिमेला पाऊण तास वाढवला की आठच्या जवळ. पूर्वेला मात्र साडेसहाच येतात, वेळापत्रकात सात.

धावपट्टी
तिथे हवा जास्त भरलेली आहे. दोन्ही टोकांना गर्दीची विमानतळं, हीथ्रोवर सकाळी उतरायला घिरट्या. हवेतला वेळ मात्र पुष्कळदा सहाच्या आसपास असतो.

अटलांटिकवर मार्गही रोज बदलतात. कॅनडाचं गँडर आणि ब्रिटन-आयर्लंडचं शॅनविक ही दोन नियंत्रण केंद्रं वारा बघून समांतर मार्गांचे संच जाहीर करतात, दिवसा पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी, रात्री पूर्वेला येणाऱ्यांसाठी. पूर्वेचे मार्ग जेट स्ट्रीमवर बसवतात, पश्चिमेचे त्याला टाळून. ९ फेब्रुवारी २०२० ला किआरा वादळाच्या वाऱ्यावर ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. जमिनीच्या तुलनेत वेग ताशी १,३०० किमीच्या वर.

रिकामटेकडा
म्हणजे आवाजापेक्षा वेगात? मग तो धडाम् आवाज का नाही झाला?

धावपट्टी
हवेच्या तुलनेत ते आपलं नेहमीच्याच वेगात होतं. हवाच धावत होती.

पोटमाळा
माहितीपूर्ण धागा. थोडं जुनं सांगतो, कारण 'सर्वांत जवळचा रस्ता' हा प्रश्न फक्त भूमितीचा कधीच नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४५, क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या कॅटलिना समुद्री विमानांनी पर्थ ते सिलोन (आजची श्रीलंका) अशी सेवा चालवली. अंतर साडेपाच हजार किमीहून थोडं जास्त, आणि वेळ २७ ते ३३ तास. रेडिओ बंद ठेवून, ताऱ्यांवरून दिशा काढत. हवेत असतानाच प्रवाशांना दोनदा सूर्योदय दिसायचा, म्हणून त्या सेवेचं नावच 'डबल सनराइज' पडलं. आज तेवढं अंतर सात तासांचं.

मग शीतयुद्धात सोव्हिएत आकाश बहुतेकांना बंद. युरोपातून जपानला जायचा बृहद्वृत्ताचा रस्ता थेट सैबेरियावरून, तो तर मिळेना. एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीने १९५७ साली कोपनहेगन–अँकोरेज–टोकियो अशी ध्रुवाकडून वाट काढली, आणि पुढची तीसेक वर्षं अलास्कातलं अँकोरेज हे युरोप–जपान प्रवासाचं ठरलेलं ठाणं झालं. विमानात बसून युरोपातून आशियाला जायचं आणि वाटेत अमेरिकेत पाय मोकळे करायचे! १९८३ मध्ये फिनएअरने डीसी-१० ने हेलसिंकीहून टोकियोला विनाथांबा जायला सुरुवात केली, तीही ध्रुवाच्या बाजूनेच. नंतर सैबेरिया उघडलं आणि ही सगळी कसरत लोक विसरले.

२०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना पुन्हा बंद झालं. हेलसिंकी–टोकियो साडेनऊ तासांचं होतं ते तेरा तासांवर गेलं. हेलसिंकी आणि टोकियो यांच्यातलं अंतर आजही ७,८०० किमीच आहे, अक्षांश यांच्या सूत्रात तसूभर फरक नाही. फिनएअरने तर ध्रुवावरून जाणाऱ्या प्रवाशांना प्रमाणपत्रं वाटली.

तिरकी रेघ
+१. यात दोन इंजिनांचा नियमही धरा. जुन्या काळी दोन इंजिनांचं विमान पर्यायी विमानतळापासून ६० मिनिटांहून दूर जाऊ शकत नसे. १९८५ मध्ये १२० मिनिटांची परवानगी सुरू झाली, तिला ईटॉप्स म्हणतात, पुढे १८०. एअरबस ए३५० ला तर ३७० मिनिटांपर्यंतचं प्रमाणपत्र आहे. म्हणून सान्तियागो–सिडनीसारख्या मार्गांवर पूर्वी चार इंजिनांची ७४७ लागायची. एक इंजिन बंद पडलं तर उतरायचं कुठे, याचं उत्तर नसेल तर दोऱ्याने दाखवलेला रस्ता तुमचा नाही.

शेवटची रांग
एक बाळबोध शंका. लांबच जायचं असेल तर मोठी टाकी लावायची, संपलं. त्यात एवढं काय?

धावपट्टी
टाकीतलं इंधन वाहून न्यायलाच इंधन लागतं, तिथे सगळं अडतं. सिंगापूर–न्यूयॉर्कवर चालतं ते एअरबस ए३५०-९०० यूएलआर, म्हणजे खास अतिलांब पल्ल्याची आवृत्ती. टाकीची क्षमता १,६५,००० लिटर, आणि उडताना जास्तीत जास्त वजन २८० टन. यातलं साधारण निम्मं वजन इंधनाचंच असू शकतं. तेवढं वजन पेलायचं म्हणून प्रवासी फक्त १६१ घेतात, साधा इकॉनॉमी वर्ग त्यात नाहीच. सुरुवातीला विमान इतकं जड असतं की ते सर्वांत किफायतशीर उंचीवर चढूच शकत नाही. खालून सुरुवात करतं आणि इंधन जळेल तसं पायरी-पायरीने वर जातं.
त्यामुळे अमुक एका पल्ल्यापुढे मध्ये थांबून इंधन भरलं तर एकूण इंधन कमी लागतं. प्रवाशाचा वेळ मात्र जातो, आणि त्या वेळेलाच लोक पैसे मोजतात.

खिडकीजवळची
माझा गोंधळ वेगळाच असतो. तिकिटावर निघायची वेळ, पोचायची वेळ आणि शेजारी बारीक अक्षरात +१ किंवा +२. वजाबाकी केली की पाच तासांत न्यूयॉर्क!

अक्षांश
दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, बदलून मगच वजाबाकी करायची. समजा हिवाळ्यात सिंगापूरहून रात्री ११:३० ला निघालात आणि वेळ लागला १८:४०. सिंगापूर यूटीसीच्या ८ तास पुढे, म्हणजे १५:३० यूटीसी. त्यात १८:४० मिळवले की दुसऱ्या दिवशीचे १०:१०. न्यूयॉर्क हिवाळ्यात ५ तास मागे, म्हणजे पहाटे ५:१०. घड्याळावर दिसतो ५ तास ४० मिनिटांचा प्रवास.

उलट या. न्यूयॉर्कहून रात्री १० ला निघून १८:५० लागले तर सिंगापूरला पोचता तिसऱ्या तारखेच्या पहाटे ५:५० ला. घड्याळावर ३१ तास ५० मिनिटं.

आता गंमत. तारखांसकट मोजलेल्या या दोन दिखाऊ वेळांची सरासरी काढा: ३७:३० भागिले २, म्हणजे १८:४५. घड्याळांतला फरक एकदा वजा होतो, एकदा अधिक, आणि उडून जातो. कुठल्याही दोन विमानतळांचं जाण्यायेण्याचं वेळापत्रक हातात असेल तर टाइम झोन माहीत नसतानाही उड्डाणाचा सरासरी वेळ निघतो. आणि दोन वेळांच्या वजाबाकीचं निम्मं केलं तर घड्याळांतला फरक: २६:१० चं निम्मं १३:०५. खरा १३ तास. वरची पाच मिनिटं दोन दिशांच्या वेळातल्या दहा मिनिटांच्या फरकाची.

शंकासुर
वा! हे तर मी आजच चार जोड्यांवर करून बघणार.

तिरकी रेघ
बघताना मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधल्या काळात लंडन–न्यूयॉर्क फरक पाचाऐवजी चार तासांचा असतो.

पोटमाळा
अवांतर: सामोआतलं अपिया आणि अमेरिकन सामोआतलं पागो पागो शेजारी-शेजारी आहेत. छोट्या विमानाने अर्ध्या-पाऊण तासाची उडी. पण सामोआने २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच वगळून आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली, तेव्हापासून दोघांच्या घड्याळांत पूर्ण दिवसाचा फरक. अपियाहून आज सकाळी निघालात तर पागो पागोला काल सकाळी पोचता.

रिकामटेकडा
म्हणजे काल केलेल्या चुका आज जाऊन टाळता येतील. तिकीट कुठे मिळतं?

शेवटची रांग
मग एवढं सगळं बदलतं तर साइटवाले ते जमिनीवरचं अंतर अजून देतात तरी कशाला? हवेतलंच द्यावं की.

तिरकी रेघ
हवेतलं अंतर रोज बदलतं, त्यावर कायदा कसा लिहिणार? युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम आहे, उड्डाणाला फार उशीर झाला किंवा ते रद्द झालं तर भरपाई द्यायचा. त्यात १,५०० आणि ३,५०० किमी असे टप्पे आहेत आणि अंतर बृहद्वृत्तानेच मोजायचं असं त्यात लिहिलंय. मध्ये विमान बदललं असलं तरी निघाल्याचं ठिकाण आणि शेवटचं ठिकाण यांच्यातलं सरळ अंतर धरायचं, असा २०१७ चा युरोपीय न्यायालयाचा निकाल आहे. आणि पोचल्याची वेळ म्हणजे चाक टेकलं ती नव्हे, विमानाचं दार उघडलं ती. हा २०१४ चा निकाल.

आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं कार्बन मोजायचं गणितही बृहद्वृत्तापासूनच सुरू होतं, फक्त वळशांसाठी ते वर थोडं चढवतं: ५५० किमीपर्यंत ५०, ५,५०० पर्यंत १००, त्यापुढे १२५ किमी.

खिडकीजवळची
साइटवर शोधताना विमानतळाच्या कोडची तीन अक्षरं नीट बघा एवढं माझ्याकडून. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडातही आहे, नोव्हा स्कोशियात. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकातही. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आणि अलाबामात. दुसऱ्याच सिडनीला उतरलेले प्रवासी बातम्यांत येऊन गेलेत.

शंकासुर
शेवटची शंका, मग थांबतो. पृथ्वीवर दोन विमानतळ जास्तीत जास्त किती दूर असू शकतात? आणि तिथे विनाथांबा जाता येईल का?

अक्षांश
अर्धा परीघ, म्हणजे २०,००० किमीच्या आसपास, त्याहून दूर काही नाही. ऑकलंडच्या बरोबर विरुद्ध टोकाचा बिंदू दक्षिण स्पेनमध्ये पडतो, सेव्हिया विमानतळापासून पाऊणशे किमीवर. त्यामुळे ऑकलंड–सेव्हिया जवळजवळ कमाल अंतराची जोडी. मजा म्हणजे वर सांगितलेली व्हिन्सेंटींची पद्धत अशाच जोड्यांवर अडते, उत्तराला येऊन टेकतच नाही. कारण बरोबर समोरच्या बिंदूला जायला कुठल्याही दिशेने निघालात तरी अंतर जवळजवळ सारखंच, सर्वांत जवळचा असा एक रस्ता ठरवणार कसा?

धावपट्टी
भूमितीला ठरवता येणार नाही, वारा ठरवेल. पूर्वेला निघायचं. ठोकताळ्याने २० हजार भागिले ८५० अधिक ४० मिनिटं, म्हणजे सव्वाचोवीस तास. पाठीशी वारा मिळाला तर तेवीसच्या आसपास. आज नियमित प्रवासी सेवेतलं एकही विमान भरल्या आसनांनी एवढा पल्ला मारत नाही. क्वांटास ए३५०-१००० वर सिडनी–लंडन करायच्या मागे लागली आहे, ते १७,००० किमीचं, वीस तासांच्या वरचं. तेवढ्यासाठीही जास्तीची टाकी बसवावी लागते आहे.

रिकामटेकडा
चोवीस तास मधल्या सीटवर? मी थांबून जाईन.